फॅमिली ट्रस्टचं वार्षिक पॅकेज: आधी प्रोसिडिंग बुक बघा

पुणे, मुंबई, नाशिकमधल्या मध्यम आकाराच्या अनेक सीए फर्म आता खाजगी कौटुंबिक ट्रस्टसाठी वार्षिक सेवा देतात. हिशोब लिहिणं, ॲडव्हान्स टॅक्स, रिटर्न, विश्वस्तांच्या सभांची कागदपत्रं, बँक आणि डीमॅटच्या केवायसीची कामं असं सगळं एका फीमध्ये. हे परीक्षण कुठल्या एका फर्मचं नाही, या पॅकेजचं आहे: कराराच्या कागदावर काय लिहिलेलं असतं, वर्षभरात खरोखर काय मिळतं आणि कुठे माती खाल्ली जाते.

निकाल आधीच सांगतो. हिशोबाला पाचपैकी चार, कराला साडेतीन, आणि ज्याला ही मंडळी ‘गव्हर्नन्स’ म्हणतात त्याला दीड. गंमत म्हणून दिलेले गुण नाहीत हे. फॅमिली ट्रस्ट अडचणीत येतो तो रिटर्न उशिरा गेल्यामुळे क्वचितच. तो येतो विश्वस्तांनी निर्णय कधी घेतला, कोणत्या अधिकारात घेतला आणि लिहून ठेवला का, या तीन प्रश्नांवर. त्यामुळे फर्म निवडताना रिटर्नचा नमुना मागू नका. नावं झाकून एखाद्या ट्रस्टचं मागच्या वर्षीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे विश्वस्तांच्या सभांची वही, दाखवा म्हणावं. पाच मिनिटांत कळतं.

त्याआधी एक चाळणी. फर्मने पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘१२ए, ८०जी नोंदणी’, ‘फॉर्म १०बी ऑडिट’ किंवा ‘धर्मादाय आयुक्तांकडे हिशोबपत्रकं’ असल्या ओळी दिसल्या तर तिथेच थांबा. ही सगळी सार्वजनिक धर्मादाय ट्रस्टची कामं. महाराष्ट्रात त्या ट्रस्टना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागतो. आजोबांनी नातवंडांसाठी केलेला खाजगी ट्रस्ट चालतो भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली. त्याचा धर्मादाय आयुक्तांशी संबंध नाही. रिटर्नही आयटीआर-७ नव्हे, आयटीआर-५. आयटीआर-७ भरून बसलेले खाजगी ट्रस्ट आढळतात, कारण पॅनवर ‘ट्रस्ट’ लिहिलेलं बघून कुणीतरी सरळ तो फॉर्म उघडलेला असतो. कोटेशनमध्ये त्या ओळी असणं म्हणजे साचा दुसरीकडून उचललाय. अशा फर्मने तुमचं डीड, म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्त, वाचलेलं नसण्याची शक्यता दाट. ऑडिटही सक्तीचं नसतं. ट्रस्ट धंदा करत असेल आणि उलाढाल मर्यादेपुढे गेली, किंवा डीडमध्येच ऑडिट लिहिलेलं असेल, तरच.

हिशोबाचा भाग चांगला का, तर सीए फर्मच्या हाताला ते वळण आहे. तरी पहिल्या वर्षी दोन ठिकाणी घसरतात.

पहिलं, सुरुवातीच्या नोंदी. सेटलरने, म्हणजे ट्रस्ट करणाऱ्याने, शेअर्स, म्युच्युअल फंड, एखादा फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकला की त्या दिवशीच्या बाजारभावाने खातेवहीत घेऊन मोकळं होण्याची घाई असते. आयकराला तो भाव चालत नाही. अपरिवर्तनीय (परत न घेता येणाऱ्या) ट्रस्टमध्ये दिलेली मालमत्ता आयकर कायद्याच्या कलम ४७(तीन) प्रमाणे हस्तांतरण धरली जात नाही आणि कलम ४९(१) प्रमाणे आधीच्या मालकाची खरेदी किंमतच पुढे चालते. म्हणून पहिल्याच महिन्यात एक तक्ता तयार व्हायला हवा: प्रत्येक शेअरची मूळ खरेदीची तारीख, किंमत, कॉन्ट्रॅक्ट नोट, आणि १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेला सूचिबद्ध शेअर असेल तर ३१ जानेवारी २०१८ चा भाव. जुना फ्लॅट असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन. सेटलर हयात आहे, त्याच्या कपाटात फायली आहेत, तोवर हे एका दुपारचं काम. दहा वर्षांनी विक्री करताना हेच कागद शोधायला गेलं की ब्रोकरची फर्म बंद झालेली असते, आणि खरेदी किंमत सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

दुसरं, कॉर्पस (मूळनिधी) आणि उत्पन्न यांची सरमिसळ. डीडमध्ये बहुधा लिहिलेलं असतं की उत्पन्न अमक्यांना, मूळनिधी अमक्या वयानंतर तमक्यांना. मग खातेवहीतही दोन वेगळी खाती हवीत आणि त्याखाली लाभार्थीवार उपखाती. शेअर विकून झालेला नफा कुठे जातो? लाभांश कुठे? बोनस शेअर? डीड गप्प असेल तर विश्वस्तांनी पहिल्याच सभेत धोरण ठरवून लिहावं. बऱ्याच फर्म ‘कॅपिटल अकाउंट’ नावाच्या एकाच खात्यात सगळं ओततात. ताळेबंद जुळतो, छान दिसतो. पण धाकट्या मुलीने तिच्या वाट्याचं किती साठलं असं विचारलं की उत्तर द्यायला पाच वर्षांच्या नोंदी उकराव्या लागतात. न्यास अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे स्पष्ट आणि अचूक हिशोब ठेवणं आणि मागितल्यावर लाभार्थीला देणं हे विश्वस्ताचं कर्तव्य आहे, आणि कलम ५७ प्रमाणे डीड, हिशोब, व्हाउचर बघण्याचा, नकला घेण्याचा हक्क लाभार्थीला आहे. एकत्र ओतलेलं खाते त्या दिवशी अंगाशी येतं.

आता एक साधी नोंद जवळून बघू, कारण फर्मचा दर्जा इथेच दिसतो. ट्रस्टच्या एफडीवर वर्षाचं व्याज रु. १,०८,०००. बँकेने १०% टीडीएस म्हणजे रु. १०,८०० कापले, खात्यात आले रु. ९७,२००. कच्चा मुनीम बँक स्टेटमेंटवरून रु. ९७,२०० व्याज लिहितो. बरोबर नोंद अशी: बँक नावे ९७,२००, टीडीएस येणे नावे १०,८००, व्याज जमा १,०८,०००. पहिली नोंद ठेवली तर एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) १,०८,०००, रिटर्नमध्ये ९७,२०० आणि टीडीएसचं श्रेय मात्र १०,८०० चं मागितलेलं, असा तिढा होतो आणि नोटीस येते. एफडी क्युम्युलेटिव्ह असेल तर हातात दमडी येत नाही, पण बँक दरवर्षी व्याज दाखवते आणि कर कापते. ते व्याजही त्या त्या वर्षी धरायला हवं, पाच वर्षांनी मुदत संपल्यावर एकदम नव्हे. फर्मला विचारा: फॉर्म २६एएस आणि एआयएसशी ताळा दर तिमाहीला करता का, की जुलैत एकदाच? जुलैत एकदाच करणाऱ्यांना बँकेकडून दुरुस्ती करून घ्यायला वेळच उरत नाही. आणि कुणी विश्वस्त १५जी (कर लागत नसल्याचं घोषणापत्र) भरून टीडीएस टाळू म्हणत असेल तर त्याला तिथेच रोखणं हेही फर्मचंच काम. ज्या ट्रस्टवर कमाल दराने कर बसतो त्याला ‘माझा कर शून्य आहे’ असं जाहीर करता येत नाही.

करापाशी मामला जड होतो. ट्रस्ट कोणत्या जातीचा, यावर सगळं अवलंबून. लाभार्थी कोण आणि प्रत्येकाचा हिस्सा किती हे डीडमध्येच स्पष्ट असेल तर तो निश्चित हिश्शांचा ट्रस्ट. कलम १६१ प्रमाणे कर लाभार्थीच्या हिशोबानेच बसतो. हिस्से विश्वस्तांच्या मर्जीवर असतील तर डिस्क्रिशनरी. कलम १६४ प्रमाणे कमाल सीमांत दर, म्हणजे सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर. निश्चित ट्रस्टनेही धंदा सुरू केला की कलम १६१(१ए) मुळे सगळं उत्पन्न कमाल दरात जातं; मृत्युपत्राने आश्रित नातेवाइकासाठी केलेल्या एकमेव ट्रस्टचा अपवाद सोडून. दुकान भाड्याने देणं वेगळं, दुकान चालवणं वेगळं. हा फरक फर्मने विश्वस्तांना लेखी सांगितला पाहिजे.

(आयकराची कलमं आणि फॉर्म १९६१ च्या कायद्याप्रमाणे देत आहोत, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतची रिटर्न त्याच कायद्याखाली. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले. एकाच वर्षात जुन्या कायद्याचं रिटर्न आणि नव्या कायद्याचा ॲडव्हान्स टॅक्स अशी दुहेरी कसरत आहे. फर्मच्या करारात दोन्हींचा उल्लेख आहे का ते बघून घ्या.)

डिस्क्रिशनरी ट्रस्टवरचा सरचार्ज हा सध्याचा सगळ्यात खर्चिक मुद्दा, आणि फर्मची पारख करायला उत्तम. समजा व्याजाचं उत्पन्न २० लाख. नव्या करप्रणालीत ३०% म्हणजे ६,००,००० आणि ४% उपकर २४,०००; एकूण ६,२४,०००. सीपीसीचं, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या आयकर खात्याच्या केंद्राचं, गणित मात्र सर्वोच्च २५% सरचार्ज लावून चालतं: ७,५०,००० अधिक उपकर ३०,०००, म्हणजे ७,८०,०००. एकाच ट्रस्टवर, एकाच वर्षात १,५६,००० चा फरक. जुन्या प्रणालीत राहिलेल्यांना ३७% सरचार्जसकट तर ८,५४,८८०. वाद असा, की ‘कमाल दर’ म्हणजे कमाल सरचार्जही आलाच का, की उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर सरचार्ज शून्य? मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने एप्रिल २०२५ मध्ये ट्रस्टच्या बाजूने सांगितलं: सरचार्ज वित्त अधिनियमातल्या उत्पन्नाच्या टप्प्यांप्रमाणेच. पण कलम १४३(१) ची सूचना यंत्र काढतं, त्यामुळे मागणी येतेच.

चांगली फर्म इथे काय करते? ॲडव्हान्स टॅक्स कोणत्या दराने भरायचा याचा निर्णय विश्वस्तांकडून लेखी घेते, मागणी आली की निकालाचा आधार देऊन दुरुस्ती अर्ज करते, ३० दिवसांच्या आत फॉर्म ३५ मध्ये अपील टाकते, आणि हे काम पॅकेजच्या फीत आहे की वेगळं, ते आधीच सांगते. वाईट फर्म ‘पोर्टल एवढंच घेतं हो’ म्हणून ७,८०,००० भरायला लावते. ‘पोर्टल एवढंच घेतं’ हे वाक्य ऐकू आलं की दुसरा सल्ला घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत.

आणखी एक चूक सर्रास होते: एकाच उत्पन्नावर दोनदा कर. डिस्क्रिशनरी ट्रस्टने कमाल दराने कर भरला, वर्षाच्या आत रक्कम मुलाला दिली, आणि मुलाच्या सीएने ती त्याच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून पुन्हा दाखवली. वाटलेल्या उत्पन्नावर विश्वस्तांकडून कर घ्यायचा की लाभार्थीकडून, हा पर्याय खात्याला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कमलिनी खटाव प्रकरणात सांगितलं. दोघांकडून घ्यायचा असं नाही. वाटप केल्यावर फर्मने प्रत्येक लाभार्थीला एक पानी पत्र द्यावं: रक्कम, तारीख, कुठल्या वर्षाचं उत्पन्न, कर ट्रस्टने भरला की नाही. निश्चित हिश्शांच्या ट्रस्टमध्ये याच्या उलट गोंधळ: उत्पन्न लाभार्थीच्या रिटर्नमध्ये, टीडीएस मात्र ट्रस्टच्या पॅनवर. नियम ३७बीए खाली बँकेला घोषणापत्र देऊन तो टीडीएस लाभार्थीकडे वळवता येतो. हे काम एप्रिलमध्ये करायचं असतं, जुलैत नव्हे.

ट्रस्टमध्ये मालमत्ता येताना फर्मने डीड वाचलंय की नाही याची कसोटी मामा-भाचीत आहे. मामाने भाचीला थेट १० लाख दिले तर तिच्यावर कर नाही, कारण मामा हा तिच्या आईचा भाऊ आणि तो आयकराच्या व्याख्येतला नातेवाईक. तेच १० लाख मामाने भाचीसाठी ट्रस्ट करून त्यात टाकले तर चित्र पालटतं. कलम ५६(२)(एक्स) मधली ट्रस्टची सवलत ‘केवळ त्या व्यक्तीच्या नातेवाइकांच्या हितासाठी’ केलेल्या ट्रस्टलाच आहे, आणि तिथे नातं देणाऱ्याच्या बाजूने मोजलं जातं. देणाऱ्याच्या यादीत भाऊ-बहीण आहेत, भावा-बहिणीची मुलं नाहीत. काका-पुतण्या, आत्या-भाचा यांचंही तेच. लाभार्थींच्या यादीच्या शेवटी ‘आणि विश्वस्तांना योग्य वाटेल अशी धर्मादाय संस्था’ एवढे शब्द कुणी हौसेने घातले की ‘केवळ’ हा शब्दच संकटात येतो. पॅकेज सुरू होण्याआधी फर्मने डीडची ही तपासणी लेखी द्यावी. देत नसेल तर स्वतंत्रपणे पैसे देऊन करून घ्या.

क्लबिंगची, म्हणजे एकाचं उत्पन्न दुसऱ्याच्या उत्पन्नात जोडण्याची, थोडक्यात नोंद. बायकोच्या किंवा सुनेच्या हितासाठी केलेल्या हस्तांतरणाचं उत्पन्न कलम ६४ प्रमाणे सेटलरकडे परत येतं, आणि मालमत्ता किंवा उत्पन्न परत घेण्याची कुठलीही वाट डीडमध्ये राहिली तर कलम ६१ ते ६३ मुळे सगळंच. अज्ञान (अल्पवयीन) मुलाचं उत्पन्न आईबापांकडे जोडलं जातं, पण कलम ८०यू मधलं अपंगत्व असलेल्या अज्ञान मुलाच्या बाबतीत तसं होत नाही. दिव्यांग मुलासाठी ट्रस्ट करणाऱ्या पालकांना ही सवलत फर्मने आपणहून सांगायला हवी. त्यांना बाकी व्याप पुरेसे असतात.

स्थावर विकताना एक सापळा आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीला इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २०% किंवा त्याविना १२.५% यातला कमी कर भरण्याची मुभा निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबालाच आहे. ट्रस्टला ‘व्यक्ती’ धरायचं की ‘एओपी’ (व्यक्तींचा समूह), हा जुना वाद इथे लाखांचा फरक पाडतो. विक्रीआधी लेखी मत घ्या. विक्रीनंतरच्या मताचा उपयोग अपिलापुरताच.

आता मूळ दुखणं. ‘गव्हर्नन्स’ या शीर्षकाखाली बहुतेक पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं: ‘वर्षातून चार सभांची इतिवृत्तं’. प्रत्यक्षात घडतं असं, की मार्चअखेर एक आर्टिकल क्लार्क वर्षभराचं बँक स्टेटमेंट पुढ्यात घेऊन चार इतिवृत्तं एका बैठकीत टाइप करतो आणि तिघा विश्वस्तांच्या सह्या एकाच पेनाने होतात. त्यात मग ठरावाची तारीख १० फेब्रुवारी, आणि त्या ठरावाने दिलेले पैसे बँकेतून गेलेले २८ जानेवारीला. सभेला ‘पुण्यात हजर’ म्हणून सही करणाऱ्या विश्वस्ताच्या पासपोर्टवर त्याच आठवड्याचा सिंगापूरचा शिक्का. कुटुंबात सलोखा असेपर्यंत हे कुणी बघत नाही. एका लाभार्थीने दावा लावला, किंवा कर अधिकाऱ्याने हा ट्रस्ट खरा की सेटलरचाच दुसरा खिसा अशी शंका घेतली, की पहिल्यांदा हीच वही मागतात. मग वहीच विश्वस्तांविरुद्ध पुरावा होते. खोटी इतिवृत्तं असण्यापेक्षा इतिवृत्तं नसलेली परवडली. निदान उशीर झाला एवढंच म्हणता येतं.

चांगला ठराव कसा असतो, तर असा:

‘दि. १४ डिसेंबर २०२५ च्या सभेत, ट्रस्टडीडच्या कलम ९(ब) नुसार, चालू वर्षाच्या उत्पन्न खात्यातून लाभार्थी क्र. २ यांच्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी रु. १,८५,००० थेट महाविद्यालयाच्या खात्यावर एनईएफटीने द्यावेत, असे ठरले. लाभार्थी क्र. १ व ३ यांच्या गरजांचा विचार करण्यात आला; त्यांच्याकडून या वर्षी मागणी नाही. विश्वस्त क्र. १ हे लाभार्थी क्र. २ यांचे वडील असल्याची नोंद घेण्यात आली. डीडमधील बहुमताच्या तरतुदीनुसार त्यांनी मत दिले नाही.’

यात किती गोष्टी आल्या बघा. अधिकार कुठल्या कलमातून, पैसे कुठल्या खात्यातून, कशासाठी, कुणाला, बाकीच्या लाभार्थींचा विचार झाला का, आणि हितसंबंध उघड केला का. न्यास अधिनियमाचं कलम १७ सांगतं, लाभार्थी एकाहून अधिक असतील तर विश्वस्ताने निःपक्षपाती राहावं. ‘विचार करण्यात आला’ हे वाक्य त्याचाच पुरावा. बहुमताची तरतूद डीडमध्ये नसेल तर कलम ४८ प्रमाणे सगळ्या विश्वस्तांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो, मग वरच्या ठरावाचं शेवटचं वाक्य तसं चालणार नाही. म्हणूनच तयार नमुना उतरवून चालत नाही, समोर डीड उघडं हवं.

ही सेवा विकत घेताना एक गैरसमज काढून टाकावा लागतो: फर्म निर्णय घेऊ शकत नाही. न्यास अधिनियमाचं कलम ४७ विश्वस्ताला आपलं काम दुसऱ्यावर सोपवू देत नाही. डीडने मुभा दिली, नेहमीच्या व्यवहाराचा भाग असला, गरज पडली किंवा लाभार्थीने संमती दिली एवढेच अपवाद. हिशोब लिहिणं सोपवता येतं. कुणाला किती द्यायचं, कशात गुंतवायचं, हे नाही. ‘आम्हीच सगळं बघतो, तुम्ही फक्त सह्या करा’ असं कौतुकाने सांगणारी फर्म विश्वस्तांना खड्ड्यात नेते.

फर्मने कुठे लाल झेंडा दाखवायला हवा, तेही सांगतो. ट्रस्टच्या खात्यातून एका विश्वस्ताला धंद्यासाठी हातउसने देणं: न्यास अधिनियमाचं कलम ५४ सहविश्वस्ताला कर्ज देऊ देत नाही, व्याज लावलं तरी नाही. डीडमध्ये मानधनाची तरतूद नसताना विश्वस्ताने महिन्याला पैसे घेणं: कलम ५० आडवं. डीडमध्ये शेअर्स, म्युच्युअल फंड यांचा स्पष्ट अधिकार नसताना गुंतवणूक: कलम २० पाहा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारने अधिसूचित केलेले रोखे किंवा डीडने स्पष्ट परवानगी दिलेली गुंतवणूक एवढंच चालतं. या तिन्ही गोष्टी ट्रायल बॅलन्स वाचणाऱ्याला महिन्याभरात दिसतात. दिसूनही वर्षअखेरपर्यंत गप्प बसणारी सेवा कशाला घ्यायची?

घरची कंपनी ट्रस्टच्या नावावर असेल तर आणखी एक काम येतं आणि ते हमखास राहतं. कंपनी अधिनियमाच्या कलम ९० खाली १०% किंवा अधिक हिस्सा असणाऱ्या अंतिम मालकाची घोषणा करावी लागते. डिस्क्रिशनरी ट्रस्टमध्ये ती विश्वस्ताची, निश्चित हिश्शांच्या ट्रस्टमध्ये लाभार्थीची, परत घेता येणाऱ्या ट्रस्टमध्ये सेटलरची. बेन-१ हा फॉर्म कंपनीकडे, मग कंपनीने ३० दिवसांत निबंधकाकडे बेन-२. ट्रस्ट एका फर्मकडे आणि कंपनी दुसऱ्या सेक्रेटरीकडे असली की दोघेही समोरच्याने केलं असेल म्हणून बसतात. बँकेच्या केवायसीलाही सेटलर, विश्वस्त आणि १०% वा अधिक हिस्सा असलेले लाभार्थी अशी यादी लागते. विश्वस्त बदलला की ती पुन्हा द्यायची, नाहीतर नेमका मुदतीच्या दिवशी खात्यावरचा व्यवहार अडतो.

स्थावर मालमत्तेबाबत पॅकेज सहसा हात झटकतात, आणि ते एका अर्थी बरंच. स्थावराचा ट्रस्ट हयातीत करायचा तर न्यास अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत दस्त हवा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्राने दिली तर रु. २०० मुद्रांकाची सवलत आहे. ती व्यक्तींसाठी, ट्रस्टसाठी नाही. शेतजमिनीला तर बिगरशेतकऱ्याकडे हस्तांतराची बंदी आड येते. त्यामुळे अनेक कुटुंबं रोकड आणि रोखे आत्ता ट्रस्टमध्ये टाकतात आणि घर मृत्युपत्राने ट्रस्टकडे जाईल अशी सोय करतात. मार्ग शहाणपणाचा आहे. मात्र मृत्युपत्रातलं ट्रस्टचं नाव आणि तारीख डीडशी अक्षरशः जुळली पाहिजे. भाड्याचं दुकान ट्रस्टकडे असेल तर जीएसटीची २० लाखांची मर्यादा ट्रस्टच्या पॅनवर स्वतंत्र मोजायची.

कंपनी विश्वस्त घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. कोटक, एसबीआयकॅप किंवा पुण्यातल्या कॅटॅलिस्टसारख्या ट्रस्टीशिप कंपन्या हे काम करतात. त्यांचा मोठा फायदा: त्या मरत नाहीत आणि भावा-बहिणींत बाजू घेत नाहीत. दिव्यांग मुलासाठीच्या, पुढे चाळीस-पन्नास वर्षं चालवायच्या ट्रस्टला एक सीए फर्म पुरत नाही, तिथे कंपनी विश्वस्त हवाच असं आमचं मत. दोन सुशिक्षित मुलं, चार एफडी आणि निश्चित हिस्से असतील, तर मोठं पॅकेजही नको. गल्लीतला नीटस सीए आणि एक प्रामाणिक वही पुरते.

मुलगी अमेरिकेत असेल तर पॅकेजमधल्या ‘एनआरआय लाभार्थी’ या ओळीवर भरवसा ठेवू नका. भारतीय ट्रस्ट तिथे परदेशी ट्रस्ट ठरतो. वाटप मिळालं की तिला फॉर्म ३५२० भरावा लागतो, आणि चुकलं तर दंड रकमेच्या ३५% किंवा १०,००० डॉलर, यातला जास्त तो. साठवून ठेवलेलं जुन्या वर्षांचं उत्पन्न एकदम वाटलं तर तिथला कर आणखी चढतो. म्हणून वाटपाच्या ठरावाआधी तिच्या तिथल्या सीपीएचं (अमेरिकी सीएचं) पत्र फायलीत हवं. इकडून पैसे पाठवताना १५सीए, १५सीबी हे फॉर्म आहेतच.

फीबद्दल. मालमत्तेच्या टक्केवारीने फी मागणारी फर्म टाळा; बाजार चढला म्हणून नोंदी वाढत नाहीत. ठरावीक रक्कम, त्यात किती व्यवहार, किती सभा, किती नोटिसांची उत्तरं, हे आकड्यात. ॲडव्हान्स टॅक्सच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या तारखांच्या आठ दिवस आधी लेखी आकडा देण्याची जबाबदारी फर्मची, असं वाक्य करारात घाला. सभेनंतर सात दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा, हेही.

आणि सही करण्याआधी आयकर पोर्टलवर ट्रस्टच्या पॅनचं लॉगिन उघडून नोंदवलेला मोबाइल क्रमांक बघा. तो बहुतेक वेळा फर्ममधल्या कुणा क्लार्कचा असतो, आणि तो क्लार्क दोन वर्षांत नोकरी सोडतो. मग फर्म बदलायची म्हटली तरी ओटीपी त्याच्याच फोनवर. मोबाइल आणि ईमेल मुख्य विश्वस्ताचाच ठेवा, टॅली किंवा झोहोचा पूर्ण बॅकअप दर तिमाहीला पेनड्राइव्हवर मागा, आणि प्रोसिडिंग बुकाची मूळ प्रत फर्मच्या कपाटात नको, तुमच्या घरच्या लॉकरमध्ये असू द्या.